शेडमधला गोड वास

धाड, ५ ऑगस्ट २०२५

ती. पुष्पाताईस,
भगवंताचा शि. सा. न.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं जोडतेस, म्हणून सविस्तर लिहितो. तुझा भाचा परवा दवाखान्यातून घरी आला. गेल्या आठवड्यात मिरचीवर फवारणी करून आला आणि संध्याकाळी हर्षलला असा खोकला सुटला की श्वास पुरेना. उलट्या, छातीत धडधड. बुलढाण्याला पाच दिवस ऑक्सिजनवर होता.

ताई, पंप मीच त्याच्या पाठीवर दिला. तोंडाला बांधायला साधा रुमालही दिला नाही. शेडमध्ये गोडसर, स्ट्रॉबेरीसारखा वास येत होता, तर पिकाच्या नव्या टॉनिकचा डबा गळत असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. रक्तात फवारणीच्या औषधाचा अंश नाही असं डॉक्टर म्हणाले. मला ते पटत नाही. अठरा वर्षांच्या लेकराच्या छातीत मीच विष घातलं.

फवारणी बंद केली आहे. पानं आकसायला लागली. अठरा तारखेला गोविंदाचा ट्रॅक्टर सांगितला आहे, दोन्ही एकर मोडतो. सारिका म्हणते, अहो, भरल्या पिकावर काऊन ट्रॅक्टर फिरवता? पण घरची मिरची आता माझ्या घशाखाली उतरत नाही. हर्षलला हवापालटाला तुझ्याकडे पाठवतो.

तुझी माया आहे म्हणून एवढं लिहवलं.
तुझा भगवंत

लोणार, १२ ऑगस्ट २०२५

चि. भगवंतास अनेक उत्तम आशीर्वाद.

पोरगा पोचला. दोन भाकरी खातो, खोकला कमी आहे. तुझी खोड जुनी. लहानपणी बैल लंगडला तरी माझ्याच हातून झालं म्हणून तू उपाशी बसायचास.

तीस वर्षं मी नर्स होते, हे विसरू नकोस. फवारणीची बाधा झालेली माणसं मी पाहिली आहेत. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, तोंडाला लाळ सुटते. हर्षलच्या कागदांत यातलं काही नाही. दुसरं म्हणजे, तो गच्चीवरून खाली आला की तुझ्या शेडमधला तोच गोड वास त्याच्या शर्टाला येतो. माझ्या गच्चीवर टॉनिकचा डबा नाही. कान गेले असले तरी माझं नाक शाबूत आहे.

उद्या त्याला समोर बसवून विचारते. तोवर ट्रॅक्टर थांबव.

सारिकाला धीर दे, आणि माझं ऐक.
पुष्पाताई

लोणार, १७ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
हर्षलचा सा. न.

हे पत्र मीच तुमच्या हातात देणार आहे. तोंडानं सांगायला जीभ उचलणार नाही.

बाबा, मी वर्षभर व्हेप, म्हणजे बॅटरीवरची सिगारेट, ओढत होतो. बुलढाण्याच्या खोलीवर एका मित्रानं दिलं. पेन ड्राइव्हएवढं असतं. नुसती वाफ आहे, काही होत नाही म्हणाला. मग सकाळी उठल्याबरोबर तेच लागायला लागलं. कॉलेजचा जिना चढताना दम लागायचा, तरी सोडवेना. त्या दिवशी फवारणी झाल्यावर मी शेडमध्ये बसून बराच वेळ ओढलं. तो वास त्याचाच.

डॉक्टरांनी दोनदा विचारलं. तुम्ही शेजारी उभे होते, म्हणून मी नाही म्हणालो. मग तुम्ही सगळं स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. याची मला फार लाज वाटते.

आत्यानं इथल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळे कागद पाहिले. त्या वाफेनं फुफ्फुसाला सूज आली होती, धडधड निकोटीनची. या वयात सवय फार लवकर जडते म्हणाले. सूज उतरली आहे, पुन्हा हात लावला नाही तर छाती पूर्ण बरी होईल. आत्यानं ते यंत्र त्यांच्याच ताब्यात दिलं. चार दिवस झाले. डोकं भणभणतं, आत्यावर दोनदा खेकसलो. तिला ऐकू आलं नाही, असं ती म्हणते.

मिरची मोडू नका, बाबा.

रागवा, पण अबोला धरू नका.
तुमचा हर्षल

धाड, २१ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
भगवंताचा शि. सा. न.

तुझं पत्र वेळेत आलं होतं. पण तू माझी समजूत काढतेस असं वाटलं, म्हणून ट्रॅक्टर रद्द केला नाही. सोमवारी गोविंदा बांधावर येऊन उभा, आणि हर्षल जीपमधून उतरून तडक वावरात. ट्रॅक्टरपुढे उभं राहून त्यानं चिठ्ठी दिली.

दोनदा वाचली. आधी इतका राग आला की मी पायातली चप्पल काढली. मग ती हातातच राहिली आणि मी बांधावर बसून ढसाढसा रडलो. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मलाच श्वास आला, ताई. गोविंदा विचारत होता, काका, फिरवू का? मी म्हटलं, जा बे घरी, चहा पी.

रुमाल न दिल्याची चूक मात्र माझीच. मास्क आणि चष्मा आणले, आता त्याशिवाय पंपाला कोणी हात लावत नाही. काल बुलढाण्याच्या डॉक्टरांना सगळं खरं सांगून छातीचा फोटो काढला. छाती साफ आहे. तलफ आली की हर्षल मिरच्या तोडायला जातो. मीही सोबत तोडतो.

काल सारिकानं घरच्या मिरचीचा ठेचा केला. मी दोन भाकरी खाल्ल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तर ती म्हणाली, फार तिखट झाला काय? मी म्हटलं, हाव, झाला.

तुझ्या नाकाला शंभर वर्षं आयुष्य लाभो, आणि आमच्यावर नजर राहू दे.
तुझा भगवंत