लाल अक्षरं गेल्यावर

४ जुलै, शुक्रवार

आधी दुरुस्ती. बुधवारी इथे लिहिलं, "मेलचा प्रोग्राम आपोआप बदलला." खोटं आहे. त्याने विचारलं होतं — आत्ता की नंतर? मी "आत्ता" दाबलं. खालचं वाचलंही नाही. कंपनीत ब्रेकच्या पार्टचा रिपोर्ट तीनदा वाचल्याशिवाय सही करत नाही ती मी!

आता सगळं काळं झालंय.

नऊ वर्षं दर शुक्रवारी आत्याला मेल लिहिते. तिला ऐकू कमी येतं, फोनवर बोलणं होत नाही. ती माझीच मेल परत पाठवायची, माझ्या ओळींच्या मध्ये मध्ये लाल अक्षरांत लिहून. "कोण म्हणालं? नाव सांग." "हे तू ठरवलंस की दुसऱ्यांनी?" चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे काळेवाडीतलं तिचं स्वयंपाकघर. तेव्हाही वहीत असंच लिहायची.

नव्या प्रोग्रामने जुन्या मेलींतलेही रंग काढून टाकले. वर लिहितो — "स्वच्छ, सुटसुटीत मांडणी." माझं वाक्य कुठे संपतं आणि तिचं कुठे सुरू होतं, कळत नाही.

५ जुलै, शनिवार

ऑफिसचे कॉम्प्युटर बघतो त्या संघर्षला विचारलं. "मॅडम, जुनं व्हर्जन आता परत येत नसतं. रंगाचं काय घेऊन बसलात, मजकूर आहे ना?"

आहे. त्याचं बरोबर आहे. आज कामाशिवाय माझ्याशी बोललेला तो एकटाच.

१० जुलै, गुरुवार

सुट्टी. कपडे धुतले आणि बसले. जुन्या मेली एकेक वाचून वहीत उतरवायला घेतल्या, कुठलं वाक्य कुणाचं ते बघत. तिचं ओळखू येतं. ती विचारते. मी नुसतं सांगते.

दिवाळीपर्यंत आले आणि तिचं सापडेना. त्यानंतर ओळींच्या मध्ये काहीच नाही. खाली दोन-तीन ओळी — छान वाटलं, जेवत जा, जप. मला वाटत होतं, मी आता नीट लिहायला लागले म्हणून तिने सोडलं. मनातून अभिमानही वाटत होता. तेही लिहून टाकते.

आणखी एक. मेल कशावरून आली ते नवा प्रोग्राम कोपऱ्यात दाखवतो. आधीच्या कॉम्प्युटरवरून, दिवाळीपासूनच्या सगळ्या मोबाइलवरून. आत्याकडे मोबाइल आहे तो बटणांचा.

चाकणहून काळेवाडीला दोन बस. दिवाळीनंतर गेले नाही. वेळ नव्हता असं लिहिणार होते. दर गुरुवारी सुट्टी असते. मेल जात होती, म्हणून गेले नाही.

११ जुलै, शुक्रवार

वाईट वागले. मेलमध्ये मुद्दाम खोटं लिहिलं — "पाढे मला अप्पांनी शिकवले." अप्पांना, माझ्या वडिलांना, स्वतःला तेराच्या पुढे येत नव्हते; शिकवले ते आत्याने. आत्या हे सोडणार नाही.

१३ जुलै, रविवार

उत्तर आलं. "छान आठवण आहे. जेवत जा."

१४ जुलै, सोमवार

डबा अर्धा परत आणला.

१५ जुलै, मंगळवार

सरळ विचारलं. "मंजुषावहिनी, हे तुम्ही लिहिता का?" त्या घरात एवढं टाइप करणारं दुसरं कोण? आत्याचा शेखरदादा तर "ओके"च्या पुढे जात नाही.

१८ जुलै, शुक्रवार

वहिनींचं उत्तर आलं. इथे उतरवून ठेवते, त्या प्रोग्रामचा भरवसा नाही.

"अबोलीताई, रागावू नका. दिवाळीपासून आईंना अक्षरं दिसत नाहीत. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा गेलाय, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. आई म्हणाल्या, पोरीला कळवू नको, जिवाला लावून घेईल. उत्तर तू दे, पण मधे मधे लिहू नकोस, ते माझं काम आहे. म्हणून मी खाली दोन ओळी लिहायचे. पाढ्यांचं वाक्य मी त्यांना वाचून दाखवलंच नाही. लागलं असतं त्यांना.

"वाचायचं म्हणजे कानाशी ओरडावं लागतं. खिडकी उघडी असते. आता शुक्रवारी जिन्यात बायका येऊन बसतात. तुमच्या सुपरवायझरला काय काय नावं ठेवतात, ऐका एकदा. खालच्या अंबूबाई परवा म्हणाल्या, 'त्या खोलीवरच्या पोरी बोलत न्हाईत तर ही तिथं बसती कशाला? हिकडं ये म्हनावं की.' त्यावर आई म्हणाल्या, 'यायचं असतं तर आली नसती का.'"

आठ महिने. खोलीतल्या दोघी माझ्याशी बोलत नाहीत ते. कॅन्टीनमध्ये भिंतीकडे तोंड करून जेवते ते. बाथरूममध्ये नळ सोडून रडले ते. मी एकाच माणसाला सांगितलं होतं. वहिनींनी ते जिनाभर ओरडून वाचलं.

लाजेने कान तापले. मग अंबूबाईंचं वाक्य परत वाचलं. मी त्यांना कधी पाहिलेलंही नाही.

१९ जुलै, शनिवार

काल मेल लिहिली नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

वहिनींना एवढंच कळवलं — पाढ्यांचं खोटं मीच आत्याच्या कानाशी ओरडून सांगणार आहे. खिडकी लावू नका. येते. गुरुवारी, २४ जुलैला.