'आईसाठी' नावाची फाईल

तीर्थपुरी,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. शीतल हिस आशीर्वाद. चि. प्रियाला गोड पापा.

तू राजानंदला नकार कळवलास, हे परवा तुझ्या दादांनी, रामप्रसादांनी, ओट्यावर उभ्या उभ्या सांगितलं. म्हणून हे पत्र. फोनवर मला हे जमणार नाही. तू पहिल्याच वाक्याला "बरं, आई" म्हणशील आणि मी तेवढ्यावर सुटेन.

इकडचं ठीक आहे. गुडघा सोडला तर तक्रार नाही. तूर फुलावर आहे. मोसंबीच्या खालच्या ओळीची फळं गळाली, वरची धरून आहेत. प्रियाच्या लाल चपला दिवाळीपासून इथंच राहिल्यात, त्या सोबत पाठवते.

आता मुद्द्याचं. दिवाळीत तू मला राजानंदच्या स्थळाबद्दल विचारलंस, "आई, तुम्ही काय म्हणता?" मी म्हटलं, "कल्याणला आवडलं नसतं." तू करंज्यांचा डबा बंद केलास आणि भांडी घासायला बसलीस. त्या एका वाक्यावर तू नकार दिलास, असं रामप्रसाद म्हणाले.

ते वाक्य खरं की खोटं, हे मला बोलतानाच माहीत होतं. क्रमानं सांगते, नाहीतर मधलं काही गाळीन.

कल्याण दुखण्याच्या शेवटच्या महिन्यांत कम्प्युटरच्या टेबलाशी बसून प्रियासाठी गोष्टी रेकॉर्ड करायचा. तू मंठ्याला माहेरी जायला निघालीस तेव्हा म्हणालीस, तेवढं मला काढून द्या. मी सांगितलं, कम्प्युटर बंद पडला, सगळं गेलं. कम्प्युटर बंद पडला नव्हता. ते फोल्डर मी माझ्या हातानं उडवलं होतं. का, ते पुढं येईल.

दोन वर्षं तू पुन्हा विषय काढला नाहीस. काढला तो प्रियानं. पाडव्याला ती माझ्या मांडीवर बसून चष्म्याशी खेळत होती. म्हणाली, "आजी, पप्पांचा आवाज कसा होता? आई म्हणती छान. छान म्हंजी कसा?" चौतीस वर्षं शाळेत मुलींच्या कुठल्याही प्रश्नाला मी उत्तर दिल्याशिवाय पुढं गेले नाही. सख्ख्या नातीला म्हटलं, जा, फुलबाज्या उरल्यात का बघ.

तुम्ही गेल्यावर कम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून मी एसटीनं जालन्याला नेला. मस्तगडला नाहिदचं दुरुस्तीचं दुकान आहे. ती माझी विद्यार्थिनी, आठवीत रोज उशिरा येणारी. मला बघून उभीच राहिली.

"बाई, तुम्ही? बसा. आता उशिराचं कारण विचारू नका, दुकान माझंच हाये."

मी सांगितलं, फाईली उडाल्या आहेत, दोन वर्षांपूर्वी.

"उडाल्या का उडवल्या?"

"उडवल्या."

"कचरापेटीत असतील की मंग."

"ती रिकामी केली."

"कामून?"

"कचरापेटी मी भरलेली ठेवत नाही, हे तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. वर्ग झाडायची पाळी सगळ्यात जास्त वेळा तिच्यावरच आली होती. मी विचारलं, मग सगळं गेलं ना? तेव्हा तिनं मला समजावलं, आणि अशा सबुरीनं, जशा सबुरीनं मी तिच्याशी कधी बोलले नव्हते.

"बाई, तुम्ही हजेरीपटावरून पोरीचं नाव कमी केलं म्हणून पोरगी गायब व्हती का? बिलकुल तसंच हाये हे. कम्प्युटर मिटवायच्या भानगडीत पडत न्हाई. यादीतलं नाव काढतो, अन् ती जागा मोकळी म्हणून लिहून ठेवतो. दुसरी कुणी त्या बाकावर येऊन बसेस्तोवर पहिली तिथंच बसून राह्यती. फक्त तिला कुणी हाक मारत न्हाई."

मग तिनं विचारलं, "त्याच्यानंतर काय काय टाकलं ह्याच्यात?"

"माजी विद्यार्थिनींनी माझा सत्कार केला, त्याचा व्हिडिओ."

"केवढा?"

"एक तास चाळीस मिनिटं."

"एवढं कोण बोल्लं?"

"मी."

तिनं तोंड फिरवलं आणि डब्याचे स्क्रू काढायला घेतले. भाषण शिस्तीवर आहे. तेच जाऊन कल्याणच्या जागेवर बसलं.

चार दिवसांनी तिचा फोन आला. एकतीस फाईली होत्या, त्यातल्या तेवीस सापडल्या. "पण बाई, नावं आली न्हाईत, नंबर आलेत. कोणती काय हाये ते तुम्हालाच ऐकावं लागंल. मी न्हाई ऐकलं काही." दोन दिवस मी तिच्या दुकानात बसून ऐकलं आणि यादी केली. गिऱ्हाइकं येत-जात होती. नाहिदनं मी न सांगताच माझं स्टूल भिंतीकडं तोंड करून ठेवलं होतं. चहा आणून ठेवायची, काही विचारायची नाही.

सतरा गोष्टी पूर्ण आहेत. मंठ्याच्या एसटीत चढून कंडक्टरकडं हाफ तिकीट मागणाऱ्या कोल्ह्याची आहे. त्यात कल्याणला मध्येच खोकला येतो आणि तो म्हणतो, "थांब हं प्रिया, कोल्ह्याला ठसका लागला." पाच गोष्टी मध्येच तुटतात, पुढं नुसती खरखर. शेवट तुला आठवत असतील तर तिला तू सांग.

झाल्या बावीस. पेन ड्राइव्हमध्ये मी बावीसच घालून आणल्या होत्या. परवापर्यंत माझा बेत तेवढाच होता, की नातीला बापाचा आवाज द्यायचा आणि गप्प बसायचं. मग रामप्रसाद आले. तेविसावी मी आज सकाळी परत जालन्याला जाऊन घालून घेतली.

तिचं नाव 'आईसाठी' असं होतं. कल्याण गेल्यावर महिन्याभरानं, ऑगस्टमध्ये, मला ती दिसली. तू तेव्हा इथंच होतीस, प्रियाला डोस द्यायला दवाखान्यात गेली होतीस. मी एकदा ऐकली. सहा-सात मिनिटांची असेल. ऐकून झाल्यावर ती एकटी उडवली असती तर चाललं असतं. पण मी मुख्याध्यापिका होते. नोंदवहीतलं एकच पान फाडलं तर तपासणीला दिसतं. अख्खी वही गहाळ झाली म्हटलं की कुणी विचारत नाही. म्हणून सगळं फोल्डर उडवलं. एका फाईलसाठी तुझ्या मुलीच्या तीस घालवल्या. आणि कचरापेटी रिकामी केली.

त्या फाईलमधलं एक मिनिट दहा सेकंद परत आलं आहे. त्यात तो म्हणतो, "आई, हे तू एकटीनं ऐक. आधी चष्मा काढ. तू चष्म्यातून बघतीस तव्हा मला बोलताच येत न्हाई." मग जरा हसतो. मग म्हणतो, "शीतलबद्दल बोलायचंय," आणि तिथून खरखर.

पुढचं आता जगात कुठंच नाही, माझ्याजवळ सोडून. नाहिदला तीनदा विचारलं, होणार नाही म्हणाली. म्हणजे मी त्यात काहीही बदल केला तरी कुणाला कळायचं नाही. बदल केलेला नाही. तो असं म्हणाला:

"शीतल अठ्ठावीस वर्षांची हाये. कधी ना कधी कुणी विचारलंच तिला, तर ती आधी तुझ्याकडं येईल, कारण तिला तुझी भीती वाटती. तव्हा माझं नाव पुढं करून न्हाई म्हणू नको. मला चालंल. आत्ताच सांगून ठेवतो, मला चालंल. पोरगी जवळ राहावी म्हणून तिच्या मायला अडकवू नको. तू एकटी पडशील, मला कळतं ते. पण तू जमवशील, आई. तिचं काय सांगता येत न्हाई."

त्यानंतर मोसंबीच्या पाण्याचं काही बोलला, आणि "ठेवतो" म्हणाला, फोनवर म्हणतात तसं.

तेव्हा मला त्याचा राग आला. मेल्यावरसुद्धा माझी बाजू न घेता तुझी घेतली याचा. आणि प्रिया जाईल याची भीती वाटली. ती भीती अजून आहे, गेली असं लिहिलं तर ते तिसरं खोटं होईल. त्यानं जे करू नको म्हटलं, नेमकं तेच मी दिवाळीत केलं, त्याच्याच शब्दांत.

राजानंदला होकारच दे, असं मी सांगत नाही. तो माणूस मी पाहिलेला नाही. त्याला भेटायला मला आनंद होईल असंही म्हणवत नाही, पण बोलावलंस तर येईन आणि नीट वागेन. नकारच कायम ठेवायचा तर तो तुझ्या मनाचा ठेव. कल्याणच्या नावाचा नको.

माफी मागायची मला सवय नाही, हे तू पाच वर्षं पाहिलं आहेस. मागते आहे.

पुढच्या पत्राचा मायना 'चि.' ठेवायचा की 'चि. सौ.', ते तुझ्या हातात आहे. मी दोन्ही लिहीन.

तुझी आई,
दैवशाला

रामप्रसादांच्या हाती द्यायच्या वस्तूंची नोंद, बुधवारी ते येतील तेव्हा:

पेन ड्राइव्ह, एक. त्यात फाईली तेवीस.

माझ्या अक्षरातली यादी, पानं दोन. तुटलेल्या गोष्टींपुढं फुली केली आहे.

प्रियाच्या लाल चपला, एक जोड. डाव्या चपलेचा बंद शिवून घेतला.

कल्याणचा निरोप, वर लिहिल्याप्रमाणे, माझ्या स्मरणातून. पोचवायला उशीर दोन वर्षं तीन महिने. उशिराचं कारण, मी.