डावखुरी मॅग्नम

बॉबलिंगेन, शनिवार, ऑक्टोबर २००६

डाव्या खांद्या, बरा आहेस का? उजवा मजेत आहे, डोळे ठीक, हिचे गुडघेही हल्ली कुरकुरत नाहीत. तूच तेवढा काळानिळा.

आज रानडुकराच्या शिकारीसाठी बंदुकांच्या दुकानाच्या तळघरात डावखुरी मॅग्नम, म्हणजे जास्त जोराच्या काडतुसाची रायफल, चालवून पाहिली. काडतूस भरायचा बोल्ट डावीकडे, अगदी माझ्या हातासाठी केल्यासारखा. पण धक्का म्हणजे म्हशीची लाथ. तिसऱ्या खेपेला, मी धक्क्याला भितो का ते बघायला, दुकानदाराने गुपचूप बिनदारूचं काडतूस भरलं. बार उडालाच नाही, तरी मी डोळे मिटून दचकलो.

"आल्झो, म्हणजे असं बघा, रानडुकराला साधी रायफलही पुरते," तो म्हणाला.

घरी ही हसली, "अहो, मग मॅग्नम कुणाला दाखवायला?"

कुणाला? डाव्या हाताने लिहिलं म्हणून छडी मारणारे गुरुजी तर केव्हाच गेले.

साधी डावखुरीच घ्यावी का? खांद्या, सोमवारी दुकान उघडायच्या आत कळव.