शंभूच्या पेटीचा उजेड

परवा तुझ्या आईचा फोन मी बोलता बोलता बंद केला, ते तिनं तुला सांगितलं नसणार. माझ्या पोटची लेक हाय, पण दर खेपेला तेच. ऋतिक ड्युटीवर गेलाय, ऋतिकचं डोकं दुखतंय, ऋतिक आंघोळीला बसलाय. एवढ्या आंघोळी करणारा माणूस आपल्यात आजवर झाला न्हाय. मामेभाऊ शंभू गेला तर तू मातीला आला न्हाईस, दहाव्याला आला न्हाईस. इंदापूर काय दर्यापार न्हाय. तुझ्या तिथनं निघालेली बारामतीची एसटी आपल्या सणसरला थांबती.

प्रिय म्हणावं का नको ते अजून ठरलं न्हाय, पण पत्राला लागतं म्हणून लिहिते, प्रिय ऋतिक. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, लागंल तसं वाच. फोन तू उचलत न्हाईस म्हणून कागद.

घरचं सांगते. ऊस तुटून गेला, मामानं खोडवा राखलाय. तो कारखान्यावर जातो, येतो, जेवतो. पण तुझ्या मामीचं, राजलक्ष्मीचं, अवघड झालंय. शंभूच्या खोलीतली ती समुद्राची पेटी, खाऱ्या पाण्यातल्या मासा-पोवळ्यांची काचेची, रात्रंदिवस पेटलेली असती, चारी ट्यूबा. राजलक्ष्मी कुणाला बटणाला हात लावू देत न्हाय. पेटीपुढच्या खुर्चीत बसती, तिथंच डुलकी घेती आणि दचकून उठून आधी उजेड बघती. आतली पोवळी पांढरी पडायला लागलीत. बोटं हलवायची ती मिटून बसलीत. त्यांना रात्र मिळंना, हिलाबी मिळंना. असंच चाललं तर पेटी आधी जाती का बाई, एवढंच बघायचं राहिलंय.

हे सगळं दहाव्याला सुरू झालं. नीरेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवंना. मामा म्हणाला, शंभू, तुझ्या आईला अंतर देणार न्हाय. भावकीतलं कोण म्हणालं, तुझ्या नावानं शाळेत पंखे देऊ. कावळे बाभळीवर बसून नुसते बघत होते. ऊन चढलं, पोरं जेवणासाठी कुरकुरायला लागली. मग राजलक्ष्मी पदर पसरून पुढं झाली आणि म्हणाली, पेटीचा उजेड मी विझू देणार न्हाय. आणि कावळा उतरला. मला विचारशील तर त्याला भूक लागली होती. पण तसं मी तिथं बोलले न्हाय, आणि आता बोलून उपयोग न्हाय. पिंडापुढं दिलेला शब्द हाय. लाईट गेली तर म्हणून तिनं इन्व्हर्टरसुद्धा आणवला.

तू आणि शंभू पेटीसाठी ओसरीवर चोक मांडून बसायचात ते आठवतं का रं? गोठ्यातल्या ट्यूबचा तांब्याचा चोक मी काढून दिला, तर दोघं हसलात. म्हणं तो गुणगुणतो, तापतो, आणि शेतातल्या मोटरी सुरू होऊन विजेचा दाब पडला की ट्यूब पेटतच न्हाय. पोवळ्यांना उजेड कसा, फडफड न करणारा पायजे. इलेक्ट्रॉनिक चोकच घ्यायचा, इथवर तुमचं जमलं. मग भांडलात. शंभूला दोन पायजे होते, निळ्या ट्यूबांना एक आणि पांढऱ्यांना एक. सकाळी आधी निळं लागणार, मग पांढरं, आणि सांजंला पांढरं आधी जाणार. समुद्रात दिवस तसाच उगवतो म्हणाला, जसा काय हा तिथनंच जाऊन आलाय. तू म्हणालास, चार ट्यूबांना मिळून एकच घेऊ, खाऱ्या वाफंत वायरीचे जोड जेवढे कमी तेवढं बरं. शेवटी तुझं ऐकलं त्यानं. आठवडाभर तोंड फुगवून ऐकलं, पण ऐकलं.

तो चोक गेला आणि चारी ट्यूबा एकदम विझल्या. तेव्हा तो फोनवर तुला काय बोलला ते मी चुलीपुढं ऐकलंय. तुझ्यामुळं माझा समुद्र मरणार, असं म्हणाला. मग गाडी काढून बारामतीला गेला. येताना वळणावर उसाची ट्रॉली उभी होती, मागं दिवा न्हाय, लाल फडकं न्हाय. पुढचं तुला ठाऊक हाय.

जे ठाऊक न्हाय ते आता ऐक. त्याची पाठीवरची पिशवी जशीच्या तशी राहिली. तीत नवा चोक होता. दहाव्याआधी माळेगावचा वायरमन रणजित तो बसवायला आला, तेव्हा मी उभी होते. दोन घेणार म्हणून गेलेला पोरगा एकच घेऊन आला होता, चार ट्यूबांचा, तू पसंत केलेला तसलाच. रणजितनं जुनाबी खोलून दाखवला. आत मिठाचा पांढरा थर. पाणी तापतंय म्हणून शंभूनंच पेटीवरची झाकणाची काच काढून ठेवली होती, तिथनं खारी वाफ वर चोकात गेली. तुझा चोक वाईट न्हवता. तो ते दुकानात उभा राहून कबूल करून आला होता, तुला सांगायला तेवढा पोचला न्हाय.

खोटं कशाला लिहू, त्या खोलीत जायला मला आता बरं वाटत न्हाय. केशरी मासा, शंभू बोट टेकवायचा त्याच कोपऱ्यात येऊन थांबतो. मी बोट टेकवलं तर मागं सरला. ऊसतोडीच्या बाया होत्या तेव्हा खिडकीचा निळा उजेड बघून पदर डोक्यावर घ्यायच्या. एकीनं विचारलं, आत कुठला देव बसवलाय. सांजंला शेतीची लाईट येती, मोटरी एकदम उठतात, आणि इन्व्हर्टर धरेस्तोवर पेटी विझती. ट्यूबांची टोकं लाल होतात, मग उजेड येतो. ती लाल टोकं बघून राजलक्ष्मी हळूच म्हणती, आला. रोज म्हणती. आधी मी तिच्यावर खेकसायची. आता सांज झाली की मीच त्या दारात जाऊन उभी राहते. का ते विचारू नकोस.

आता पत्र कशासाठी ते लिहिते. काल मीच बटणाकडं हात नेला. म्हणलं, पाप लागलं तर माझ्या म्हातारीला लागू दे. राजलक्ष्मीनं माझा हात धरला न्हाय, ओरडली न्हाय. म्हणाली, "आत्या, तुमी न्हाय. ऋतिकनं येऊन विझवला तर मी आडवी येणार न्हाय." शंभू गेल्यापासून तिनं तुझं नाव घेतलं ते काल. मागनं शिवी येती का म्हणून मी थांबले, आली न्हाय. तिला तुझ्यावर राग असता तर तिनं हे काम तुला दिलं नसतं, एवढं मला सासूला कळतं. तवा ये. पोवळ्यांना किती वेळ दिवस आणि किती वेळ रात्र लागती ते शंभूमागं तुलाच म्हायती. तुझ्या हातानं विझव, अंधारात मामीजवळ बस आणि सकाळ झाली की तूच परत लाव. तुझ्या आईनं मला फोन करायचा न्हाय. उत्तर तू द्यायचं, समोर येऊन द्यायचं, आणि मला न्हाय, मामीला द्यायचं.

तुझीच आज्जी,
ठमाबाई