सासूबाईंचा पाटा

सासूबाई,

तिकडे पश्चिमेला, मेलेल्यांच्या गावी, नैवेद्याची भाकरी-बिअर वेळेवर मिळते ना?

महिनाभर माझी दाढ ठणकत होती. तुमचा लेक म्हणाला, "आई रागावलीय, तिला लिही." म्हणून तुमच्या थडग्यात ठेवायच्या या वाडग्यावर मी तुम्हाला चांगल्या शिव्या लिहिल्या.

तेवढ्यात दातांचा वैद्य नेफरहोर आला. त्यानं चिमट्यानं दाढेतला खडा काढला आणि हसला. "मेलेल्यांना कशाला दोष देतेस, बाई? हा तुझ्या पाट्याचा दगड! दळताना झिजतो आणि पिठातून दातांत जातो."

ठणका थांबला! मी अंगणात नाचले, सासूबाई. तुमची माफी मागावी म्हणून शिव्या पुसायला फडकंही ओलं केलं. मग आठवलं, पाटा तुमचाच की! जाताना "टाकू नकोस हं" म्हणून माझ्या गळ्यात मारलेला.

शिव्या राहू देते. पाटाही टाकलेला नाही. उद्या त्यावरच दळून तुमच्या थडग्यावर भाकरी ठेवणार आहे. सांभाळून चावा, असं इथं लिहिलंय खरं. पण वाडगा मी घरीच ठेवतेय.

दोन्ही बाजूंच्या दाढांनी कांदा चावणारी
तुमची सून, वाबखेत