सुजलेला बूट

मंगळवार, दिवेलागणीनंतर

पोरीने मोबाईलवर एक महागडा बूट दाखवला. फुगलेला, बेढब, सुजल्या पायासारखा. "पाह्य ना माय, लोकं हौसेनं घालून राह्यले हे!" ती हसत होती. तो कसा करतात तेही त्या व्हिडिओत होतं. लाकडी पावलावर माती थापून ते मुद्दाम बेढब करतात, मग वरून कातडं ताणतात. मी म्हटलं, पुन्हा लाव. परत परत पाहिलं.

यांच्या हत्तीपायासाठी उटनूरच्या मोच्याने असंच केलं होतं. लाकडी पावलावर चिंध्या गुंडाळल्या, वर कातडं ओढलं. सुजल्या पायासारखाच बूट. शाळेत शिकवताना हे तो पाय टेबलाखाली लपवत. लग्नात मांडवाच्या मागच्या रांगेत बसत. लाज कशाची होती? आता तर लोक पैसे देऊन...

हे गेल्यावर कपडे, चपला वाटून टाकल्या. तो डावा बूट कोण नेणार?

"बाबांचा तो बूट टाकू का आता?" पोरीने विचारलं.

ती भाकरी टाकायला गेल्यावर बूट पलंगाखालून काढला, आत हात घातला. टाचेपाशी कातडं झिजून गुळगुळीत झालंय. उद्या तिला सांगेन, राहू दे.

लपवत लपवत केवढं चालले हे.