चौदा फळ्या आणि भिंतीवर टांगलेली पाचवी

मी, अच्युत महादेव खानझोडे, वय वर्षे एकोणसत्तर, इथल्या सरकारी कारखान्याच्या पॅटर्न शॉपमधून निवृत्त, राहणार अशोका गार्डन, भोपाळ, हा लेख स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाच्या दोन नळ्या ठिकाणावर नाहीत, त्याचे कागद डॉक्टरांकडे आहेत. कान उत्तम आहेत, आणि हे मृत्युपत्र करण्याचे कारण कानच आहेत. कोणाचा धाक, लोभ वा आग्रह नाही. राग आहे. रागात केलेले मृत्युपत्र कायद्याने चालते का, असे वकिलाला विचारले. तो म्हणाला, "चालतं काका, बहुतेक तशीच होतात."

१. घर. हे घर मी स्वकष्टाने बांधले. १९७० साली वर्ध्याहून आलो तेव्हा आयटीआयचे सर्टिफिकेट आणि एक पत्र्याची ट्रंक एवढेच होते. माझ्यामागे घरात माझी पत्नी सौ. शशिकला हिने तहहयात राहावे, मालकिणीसारखे. 'आई, फ्लॅट बरा पडेल' असे तिला कोणी सुचवू नये. तिच्यानंतर घर मुलगा हेमंत व मुलगी वसुधा यांना निम्मे निम्मे. हेमंतच्या निम्म्याला अट आहे, ती कलम ६ मध्ये.

२. बँकेतील ठेवी शशिकलेच्या, तिच्यानंतर वसुधेच्या. आकडे लिहीत नाही, बँकेला पाठ आहेत.

३. सर्फबोर्ड. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसाच्या मृत्युपत्रात सर्फबोर्ड कसे, असे न्यायाधीश विचारतील, म्हणून सांगतो. २००५ साली कारखान्याची एलटीसी घेऊन आम्ही वेंगुर्ल्याला गेलो. गावाबाहेरच्या किनाऱ्यावर नऊ जण, त्यांत तीन मुली, एका मोडक्या फोमच्या बोर्डावर पाळीपाळीने लाटांवर उभे राहत होते. कोणी परदेशी पाहुणा तो टाकून गेला होता. त्यांची म्होरकी सुमन केळुसकर, मासेमाराची मुलगी. मी बोर्ड उलटसुलट करून पाहिला आणि म्हणालो, "लाकडात होईल हे, आतून पोकळ." शशिकला तिथेच म्हणाली, "सुट्टीवर आलोय आपण. ते देऊन टाका त्यांचं त्यांना."

मी ऐकले नाही. पॅटर्न शॉपमध्ये माझे काम म्हणजे ओतकामाच्या सुट्या भागांचे लाकडी नमुने करणे. पोलाद थंड होताना आक्रसते, म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते, तिचा फूट खऱ्या फुटापेक्षा पाव इंच मोठा. पस्तीस वर्षे हातात तीच पट्टी. बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात शिवणीच्या लाकडाची पहिली फळी केली, तीही त्याच पट्टीने. सात फुटांची फळी पावणेदोन इंच लांब झाली, रुंदी आणि जाडीही त्या मानाने वाढली. लाकूड काही आक्रसत नाही. इतका जुना कारागीर आणि असली चूक! लाजेने कळवले, की परत पाठवा, कमी करून देतो. सुमनचा फोन आला, "काकानू, हीच बरी आसा. आता कमी करू नकात." लहान लाटेवरही ती फळी जड माणसाला उचलत होती. पुढच्या तेरा फळ्या मी जाणूनबुजून त्याच पट्टीने केल्या.

हबीबगंज स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकुनाचा दर वेळी तोच प्रश्न. "चाचा, ये है क्या?" मी सांगायचो, "दरवाज़ा." "ऐसा गोल दरवाज़ा किस घर में लगता है?" "समंदर वाले घर में." मग तो पावती फाडायचा.

मला पोहता येत नाही. माझ्या अस्थी समुद्रात नेऊ नयेत. बाकी विधींचे शशिकलेने ठरवावे.

४. श्री. प्रभाकर नेरकर, बरखेड्यातले माझे शेजारी. क्वार्टरमध्ये मी कारखान्याचे लाकूड चोरून होडी बांधतो, असा निनावी अर्ज यांनी व्हिजिलन्सला केला होता. निनावी कसला! क्वार्टरची भिंत एका विटेची, हे पलीकडे मुलाला मजकूर सांगत होते आणि मी अलीकडे रंधा थांबवून ऐकत होतो. 'होडी' हा शब्द त्यांनी दोनदा बदलला. चौकशी चार महिने चालली. वखारीतून घेतलेल्या लाकडाच्या सगळ्या पावत्या दाखवल्या, तेव्हा संपली. त्या पावत्या मी फ्रेम करून घेतल्या आहेत. ती फ्रेम माझ्यामागे नेरकरांना द्यावी आणि त्यांनी ती दर्शनी खोलीत लावावी. दुसऱ्याच्या घरात काय चालले आहे हे त्यांच्याइतके बारकाईने पाहणारा माणूस मला माहीत नाही. म्हणून साक्षीदार त्यांनाच नेमले आहे.

५. किनाऱ्यावरचा रिवाज. या फळ्या मी कोणाला विकल्या नाहीत आणि तिथे त्या कोणा एकाच्या नाहीत. पहाटे जो आधी पाण्यात उतरेल, त्याची त्या दिवशी. मात्र एक नियम सुमनने घातला आहे. ज्याच्या हातून फळी मोडेल, त्याने मोडलेला तुकडा कापडात गुंडाळून मला पाठवायचा आणि सोबत कशी मोडली ते स्वतःच्या हाताने लिहायचे. दुसऱ्याने लिहिलेले चालत नाही. अशी अकरा पत्रे माझ्याकडे आहेत. एकाने लिहिले, 'काका, फळीची चूक नाही. पुढे खडक आहे हे मला ठाऊक होते. मुली बघत होत्या.' त्या तुकड्यांवरून मी पुढची फळी सुधारत गेलो. मोठ्या साहेबांचे तपासणी अहवाल आयुष्यभर वाचले, इतका खरा एकही नव्हता.

६. चि. हेमंत. हा माझा मुलगा, हुशार, बोलका, लोकांच्या समारंभांची सजावट करतो. कष्टाने धंदा उभा केला, त्याबद्दल कौतुक आहे आणि ते इथे नोंदवतो. आता बाकीचे.

पाचव्या क्रमांकाची फळी दुरुस्तीला आली होती. सांधा उकलला होता, मी बसवला. तेवढ्यात मला इस्पितळात नेले. सतरा दिवसांनी परत आलो तर फळी जागेवर नाही. शशिकला माझ्याकडे न बघता म्हणाली, "हेमंतने नेली, कुठेतरी लावायला." लावायला! हबीबगंजकडच्या एका नव्या हॉटेलात ती भिंतीवर आहे. पोकळ फळीला चार भोके पाडून आरपार स्क्रू मारले आहेत. वरून दिव्याचा झोत, खाली पाटी: 'डिझाइन – हेमंत खानझोडे'. मी खुर्चीवर चढून बोटाच्या पेराने फळी वाजवली. चांगली फळी डफासारखी बोलते. ही फुटक्या मडक्यासारखी बोलली. मॅनेजर धावत आला, "अंकल, डेकोरेशन को हाथ मत लगाइए." डेकोरेशन! त्या फळीवर सुमनच्या धाकट्या भावाने, गजाननने, बुडणाऱ्या दोन माणसांना बाहेर आणले आहे.

पुढे ऐका. तशाच आणखी सहा फळ्या करायला हेमंतने माझ्या ड्रॉइंगचे फोटो आणि आतल्या फासळ्यांचे साचे एका फर्निचरवाल्याला दिले. फासळ्या साच्यावरून, म्हणजे माझ्या मोठ्या पट्टीच्या मापाने कापलेल्या, लांबी साध्या टेपने मोजलेली. फळीच्या पुढच्या टोकाशी कडा मिळेनात. हेमंतने विचारले, "बाबा, ड्रॉइंगमध्ये काही चुकलंय का?" मी म्हणालो, "ड्रॉइंग बरोबर आहे." पट्टीबद्दल त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही. साचे तेवढे परत मागून घेतले.

आणि गेल्या गुरुवारी हा अंगणात फोनवर, मी आतल्या खोलीत डोळे मिटून पडलेलो. "अरे नहीं यार, बाबा को कम सुनाई देता है. अभी रुको. उनके जाने के बाद पूरा सेट मिल जाएगा, साँचे-वाँचे सब. छह दीवारें आराम से निकलेंगी."

माझ्या चाळीस वर्षांच्या कामाच्या सहा भिंती! लाटेवर जायची वस्तू, तिच्याखाली लोक पनीर टिक्का खाणार!

म्हणून अट अशी. हेमंतने पाचवी फळी स्वतः उतरवावी. माणूस पाठवू नये. ती घेऊन वेंगुर्ल्याला जावे आणि फळी कशी मोडली ते रिवाजाप्रमाणे स्वतःच्या हाताने लिहून सुमनला द्यावे. चारही भोकांबद्दल लिहावे. पत्र खरे आहे, अशी सुमनने सही केल्यावरच घराचा निम्मा हिस्सा त्याला मिळावा. तोवर तोही वसुधेकडे.

७. साचे, पट्टी व हत्यारे. चौदा फळ्यांचे साचे, पॅटर्न शॉपची माझी पट्टी (निवृत्तीच्या दिवशी फोरमनने रीतसर चिठ्ठीवर दिलेली), रंधे, पटाशा आणि शिकंजे हे सर्व माझ्या मृत्यूनंतर गजानन केळुसकर यास द्यावे. तो होड्यांची सुतारी करतो. दीड महिना माझ्याकडे राहून शिकला आहे. फळी वाजवली की सरस कुठे धरला नाही हे त्याला अजून दहांतून सातदा ऐकू येते. उरलेले तीनही येईल. त्याने फळ्या कराव्यात, किनाऱ्यावर द्याव्यात, भिंतीसाठी एकही देऊ नये.

सही करण्यापूर्वीची नोंद. वरील मजकूर नेरकरांनी मोठ्याने वाचला. स्वतःचे कलम न अडखळता वाचले, हे मान्य केले पाहिजे. कलम ७ वर थांबून म्हणाले, "अच्युतराव, आणि तुम्ही आणखी दहा वर्षं जगलात तर? त्या पोरांनी तोवर काय करायचं?"

मला त्यांचाही राग आला. गजानन दारात उभा होता, उद्याच्या गाडीचे तिकीट त्याच्या खिशात होते. शशिकला आतून म्हणाली, "जुन्या चादरी काढून देऊ का बांधायला?"

कलम ७ मधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द मी स्वतः खोडले असून वर 'आजच' असे लिहिले आहे. खाडाखोड माझीच आहे. साचे बांधून झाले, पट्टी गजाननच्या हातात दिली. अर्धे घर सोडले, तर हेमंतने माझ्या मरणाची वाट पाहावी असे या घरात आता काही उरलेले नाही.

(सही) अच्युत महादेव खानझोडे

आमच्यासमक्ष सही केली. खाडाखोडही आमच्यासमक्ष.

साक्षीदार १: (सही) प्रभाकर विनायक नेरकर. कलम ४ मधील मजकूर वाचला. फ्रेम कुठे लावायची ते मी ठरवीन.
साक्षीदार २: (सही) डॉ. सुलभा आगाशे. लिहून देणार यांना तपासले. पूर्ण शुद्धीत आहेत, रक्तदाब वाढलेला आहे.

स्थळ: भोपाळ
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१८